ऑफिसात आयडिया मागितल्या की सगळे गप्प का बसतात?

खिडकीशेजारची | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज धागा काढायची वेळ आली.

मी लोअर परळला एका आरोग्यविमा कंपनीत क्लेम खात्यात आहे. नऊ जणांची टीम माझ्याकडे. गेल्या आठवड्यात एचआरचं मेल आलं की पुढचा महिना 'इनोव्हेशन मंथ'. प्रत्येक टीमने पाच नव्या कल्पना द्यायच्या. सोबत एक्सेलचा तक्ता, त्यात 'इम्पॅक्ट', 'कॉस्ट सेव्हिंग' असले सात रकाने. पहिल्या तीन टीमना गिफ्ट व्हाउचर.

शुक्रवारी मीटिंग लावली. म्हटलं, "बोला, काहीही चालेल, वेडगळ असलं तरी चालेल." एसीचा आवाज ऐकू यायला लागला. शेवटी एकजण म्हणाली, "चॅटबॉट करू या." सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण चॅटबॉटला हल्ली कुणी नाही म्हणत नाही. अकरा मिनिटांत मीटिंग आटोपली.

आता खरा मुद्दा. टीममध्ये एक काका आहेत, निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत. त्यांच्या खणात लाल कापडी पाठीची एक लांब वही असते, वाण्याकडे असायची तशी. त्यात हॉस्पिटलवार नोंदी. अमुक हॉस्पिटल औषधांच्या बिलाला प्रिस्क्रिप्शन जोडत नाही, तमुक ठिकाणी डिस्चार्ज कार्डावर दाखल केल्याची वेळ नसते, तिसऱ्याच्या पावतीवर शिक्का असतो पण सही नसते. फाइल हातात आली की काका वही उघडतात आणि क्वेरी लेटर, म्हणजे राहिलेले कागद मागणारं पत्र, निघायच्या आधीच पेशंटच्या घरी फोन लावतात. त्यांच्या फायली सगळ्यांच्या आधी मार्गी लागतात.

ही वही त्यांनी चार वर्षांपूर्वी एका मीटिंगमध्ये दाखवली होती. तेव्हाचे साहेब म्हणाले, "काका, आता हे सगळं सिस्टिम करणार." सगळे हसले. मीही हसले असेन, आठवत नाही. सिस्टिम अजून ते करत नाही आणि काका त्यानंतर एकाही मीटिंगमध्ये बोललेले नाहीत.

सर्जनशीलता म्हणजे काय वगैरे मोठी चर्चा जरूर करा, मला वाचायला आवडेल. पण माझा प्रश्न तेवढा मोठा नाही. काकांनी परत तोंड उघडावं म्हणून मी काय करू?

बारावा_गडी | सोमवार, रात्री ११:०५

पाच आयडियांचा तक्ता भरायचाय ना? चॅटबॉट, ॲप, डॅशबोर्ड, एआय, आणि पाचवी 'फीडबॅक फॉर्म'. व्हाउचर आलं की पार्टी दे.

(हलके घ्या.)

चौथी_सीट | मंगळवार, सकाळी ८:५०

थोडा विरोधी सूर लावतो. क्लेमच्या खात्यात सर्जनशीलता हवीच कशाला? माझ्या आईच्या ॲन्जिओप्लास्टीचा क्लेम कुणी कल्पकतेने हाताळू नये, नियमाने आणि वेळेत हाताळावा. हल्ली प्रत्येकाने क्रिएटिव्ह असलंच पाहिजे अशी सक्ती झालीये. अकाउंटंट क्रिएटिव्ह झाला तर लोक तुरुंगात जातात.

आणि कृपया कुणी डबेवाल्यांचं उदाहरण आणू नका. मॅनेजमेंटच्या प्रत्येक भाषणात ते येतात.

उनाडपाखरू | मंगळवार, सकाळी ९:१५

मी नेमकं तेच लिहायला आले होते :) १८९० पासून चालू आहे, हार्वर्डवाल्यांनी केस स्टडी केली, झाकणावर रंगाने लिहिलेल्या खुणा... जाऊ दे.

चौथी_सीट | मंगळवार, सकाळी ९:२२

@उनाडपाखरू, आता विषय निघालाच आहे तर सांगतो. त्या खुणेत कल्पकता आहे, मान्य. डबा कुठल्या स्टेशनला उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, हे सगळं तळहाताएवढ्या झाकणावर चार-पाच अक्षरा-आकड्यांत मावतं. पण रोज सकाळी कुणी नवी खूण काढत बसत नाही. एकदा डोकं चालवलं, मग वर्षानुवर्षं शिस्त. उद्या एखाद्याला स्फुरण आलं आणि त्याने रंग बदलला, तर अंधेरीचा डबा चर्चगेटऐवजी विरारला जाईल. एवढंच म्हणणं होतं.

साचेवाला | मंगळवार, दुपारी ३:३०

ताई, वय ७४, नातवाने टायपिंग शिकवलं आहे. चूकभूल माफ.

तुमचं ऑफिस जिथे आहे त्याच भागात एका कापड गिरणीत मी साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात होतो. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तोपर्यंत. त्याच्या काही वर्षं आधीची गोष्ट.

आमच्या खात्यात एक साचा दरवाजाजवळ होता. थंडीत तिथून कोरडा वारा यायचा. कापसाचं सूत दमट हवेत तग धरतं, कोरड्या हवेत पटापट तुटतं. खात्यात पाण्याचे फवारे होते, पण दरवाजाशी त्यांचा उपयोग नव्हता. ताणा, म्हणजे उभा धागा, तुटला की साचा थांबतो, आणि आम्ही कटपिसावर, म्हणजे जेवढं कापड तेवढा पगार. त्या साच्यावर कुणी जायला तयार नसे. साताऱ्याकडचा एक गडी तिथे लागला. आठ दिवसांनी त्याने गोणपाट ओलं करून दरवाजाच्या चौकटीला टांगलं. दर दोन तासांनी बादलीभर पाणी. सूत तुटायचं कमी झालं, आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

मास्तर फेरीला आले. म्हणाले, "हा काय धोबीघाट आहे? काढा ते." काढलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या जॉबरने, म्हणजे खात्यातल्या मुकादमाने, तेच गोणपाट दोन फूट आत, खांबाच्या आड टांगलं. फेरीवर आलेल्या माणसाला दिसणार नाही असं. आणि त्या गड्याला सांगितलं, "पाणी मास्तर जेवायला गेले की मार." पुढचे दोन हिवाळे ते तिथेच होतं. ऑफिसात कुणाला कधी कळलं नाही, बक्षीस तर दूरच.

जॉबर लोकांबद्दल वाईटही पुष्कळ सांगता येईल, पैसे खायचे. पण त्या दिवशी तो मध्ये उभा राहिला.

ओळीमागून_ओळ | मंगळवार, रात्री ८:१०

@साचेवाला आजोबा, दंडवत. खांबाच्या आडचं गोणपाट आता डोक्यातून जाणार नाही.

मी जाहिरातीत आहे, वीस वर्षं कॉपी लिहितोय. आमच्या धंद्यात 'मध्ये उभं राहणं' म्हणजे काय याचं सगळ्यात मोठं उदाहरण मुंबईकर रोज रस्त्यावर बघतात, ते अमूलचं होर्डिंग. ती ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी १९६६ पासून आहे. आठवड्यात जे घडलं त्यावर कोटी, लगेच चित्र, लगेच फलक. हे जमलं कारण डॉ. कुरियन यांनी एजन्सीला सांगून टाकलं होतं की प्रत्येक जाहिरात मंजुरीला पाठवू नका. ती आणंदला जाऊन सात सह्या घेऊन परत यायची असती तर विनोद शिळा झाला असता. ताज्या कोटीचं आयुष्य लोण्यापेक्षा कमी.

लोक त्या मुलीचं कौतुक करतात. मला त्या 'विचारू नका' चं जास्त वाटतं. अर्थात एजन्सीनेही तो विश्वास सांभाळला, दर वेळी कुणीतरी चिडलं तरी.

दुसरं, नव्या मुलांना उपयोगी पडेल म्हणून. माझ्या पहिल्या बॉसने साबणाच्या जाहिरातीसाठी शंभर ओळी लिहायला सांगितल्या. लिहून नेल्या. त्याने पहिल्या तीस न वाचता खोडल्या. म्हणाला, "या तुझ्या नाहीत, सगळ्यांच्या आहेत. त्या बाहेर पडल्याशिवाय तुझी येणार नाही." तुमचा चॅटबॉट हा त्या तिसांपैकी आहे. त्यावर थांबू नका, पण त्याला हसूही नका. कुणीतरी पहिली ओळ लिहायला लागतेच.

मनकवडी | मंगळवार, रात्री ११:४५

संस्थांचं मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

ब्रेनस्टॉर्मिंग हा शब्द ॲलेक्स ऑस्बर्न या अमेरिकन जाहिरातवाल्याने रुजवला, १९४० आणि ५० च्या दशकांत. नियम साधे: टीका करायची नाही, भरपूर कल्पना काढायच्या, दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालायची. वाटलं, गट बसला की डोकी पेटणार. १९५८ साली येल विद्यापीठात ते तपासलं. चार जण एकत्र बसून कल्पना काढतात तो एक गट, आणि चार जण वेगवेगळ्या खोल्यांत एकेकटे बसतात, त्यांच्या कल्पना नंतर एकत्र करायच्या, हा दुसरा. एकेकट्यांच्या जवळपास दुप्पट निघाल्या. नंतरही पुन्हा पुन्हा हेच दिसलं. १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे यांनी कारण शोधलं. लाज, आळस हे असतंच, पण मोठं कारण अगदी बाळबोध: एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. बाकीचे आपला नंबर येईपर्यंत स्वतःची कल्पना धरून ठेवतात, नाहीतर विसरतात, नाहीतर "हे काही खास नाही" म्हणून गिळतात. बँकेतल्या एकाच खिडकीसारखं.

म्हणजे, @खिडकीशेजारची, तुमची टीम गप्प बसली यात टीमचा दोष कमी आणि मीटिंग नावाच्या यंत्राचा जास्त. त्यात पहिला बोललेला चॅटबॉट. तो आला की बाकीच्यांचे विचार त्याच्याच भोवती फिरतात.

साधा उपाय: पंधरा मिनिटं कुणी बोलायचं नाही. प्रत्येकाने चिठ्ठ्यांवर लिहायचं, एका चिठ्ठीवर एक. नावं नकोत. मग सगळ्या टेबलावर पसरायच्या आणि तेव्हा बोलायचं.

रंगखडू | बुधवार, दुपारी २:१५

मी महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवते, गोवंडीला. @मनकवडी यांच्यात भर घालते, आणि व्हाउचरबद्दल बोलायचंय.

चौथीच्या वर्गाला "निसर्गचित्र काढा" म्हटलं की बेचाळीस कागदांवर तेच येतं. दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली कौलारू घर, नदी, नारळ. यातल्या निम्म्या पोरांनी डोंगर पाहिलेला नाही. एका वर्षी सांगितलं, "घराच्या दारातून जे दिसतं तेच काढायचं, नसलेलं काही नको." आधी रडारड. "बाई, काहीच दिसत नाही." एका मुलाने समोरच्या घराचं छप्पर काढलं. निळी ताडपत्री, ती उडू नये म्हणून वर ठेवलेले चार टायर, आणि एका टायरमध्ये साचलेल्या पाण्यात कावळा. टायरवरची नक्षी वेगवेगळी होती, कारण खरोखर ते वेगवेगळ्या गाड्यांचे होते. मी तो कागद जपून ठेवलाय.

आता बक्षीस. मीही पूर्वी चित्रांवर स्टार चिकटवायचे. दोन महिन्यांत पोरं विचारायला लागली, "बाई, यावर स्टार मिळेल का?" आणि ज्यावर मिळाला होता तेच चित्र परत परत. मग वाचलं की हा प्रयोग १९७३ मध्येच झालाय. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत, स्केचपेनने चित्र काढायची आवड असलेल्या मुलांवर केला. काहींना आधी सांगितलं, काढलंत तर प्रमाणपत्र देऊ. काहींना न सांगता नंतर दिलं. काहींना काहीच नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी पाहिलं तर ठरवून बक्षीस मिळवलेली मुलं स्केचपेनकडे बाकीच्यांच्या निम्माच वेळ वळत होती. अचानक मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत होती.

मोठ्या माणसांना पगार लागतोच, फुकट राबा असं मी म्हणत नाहीये. पण आधी जाहीर केलेलं व्हाउचर टांगलं की माणूस "परीक्षकाला काय आवडेल" याचाच विचार करतो. म्हणजे दोन डोंगर आणि मध्ये सूर्य.

बारावा_गडी | बुधवार, दुपारी २:४०

आर. के. लक्ष्मण यांना जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश नाकारला होता. विषय संपला. संस्थांना कळतच नाही.

रंगखडू | बुधवार, दुपारी ३:०२

@बारावा_गडी, नाकारला होता हे खरं. पण नाकारलेला प्रत्येक जण लक्ष्मण नसतो हो. आणि पुढे इतकी वर्षं रोज सकाळी त्यांचं चित्र छापणारी तीही एक संस्थाच होती.

डाउनफास्ट | बुधवार, रात्री ९:३०

कल्याण ते सीएसएमटी, रोज. माझं निरीक्षण असं की मला जे काही सुचलंय ते गाडीत. ग्रॅहम वॉलस नावाच्या इंग्रज लेखकाने १९२६ मध्येच मांडलंय की आधी डोकं घासायचं, मग विषय बाजूला ठेवायचा, मग अचानक सुचतं आणि शेवटी ते तपासायचं. त्यातली 'बाजूला ठेवायची' पायरी लोकलमध्ये आपोआप व्हायची. लेडीजमध्ये बायका वाटाणे सोलायच्या, मी बाहेर बघत उभी. आता सगळ्या मान खाली घालून रील बघतात, मीसुद्धा. सुचणं कमी झालंय हे नक्की, पण दोष वयाचा की फोनचा ते ठरत नाहीये.

वाटाण्यावरून आठवलं. फाळक्यांनी सावकाराला पटवायला वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली होती, थोडी थोडी, दिवसेंदिवस. 'सिनेमा काढतो, पैसे द्या' असं नुसतं सांगून भागलं नसतं, रोप डोळ्यांसमोर सर्रकन वाढताना दाखवलं. मग ३ मे १९१३ ला गिरगावात कोरोनेशन थिएटरला 'राजा हरिश्चंद्र'. धागाकर्तीसाठी खास: लंडनला जायच्या खर्चासाठी त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली होती. तुमच्या खात्याचा असाही हातभार!

चौथी_सीट | गुरुवार, सकाळी ८:४५

दोन दिवस विचार केला आणि माझाच मुद्दा थोडा मागे घेतो.

मी चेंबूरचा, हार्बरवाला. वडाळ्याला २०१० च्या आसपास रुळांच्या लाकडी-सिमेंटच्या पट्ट्या, म्हणजे स्लीपर, मध्ये मध्ये पिवळ्या रंगवलेल्या दिसायला लागल्या. मला वाटलं, कंत्राटदाराचा रंग उरला असेल. नंतर वाचलं की रूळ ओलांडताना मरणाऱ्यांसाठी तो प्रयोग होता. माणसाचा मेंदू मोठ्या वस्तूचा वेग कमी धरतो, लांबून येणारी गाडी हळू वाटते. पिवळ्या पट्ट्या एकामागून एक गाडीखाली गडप होताना दिसल्या की वेग कळतो. भोंगाही बदलला, एक लांब ऐवजी दोन तुटक, कारण मध्ये शांतता असली की कान टवकारतात. आणि 'रूळ ओलांडू नका' च्या पाटीजागी गाडी अंगावर येतानाच्या माणसाच्या चेहऱ्याचे फोटो. तिथले मृत्यू घटल्याचं तेव्हा छापून आलं होतं.

ना ॲप, ना भिंत. कुणीतरी रुळाशेजारी उभं राहून लोक नेमके कसे ओलांडतात ते बघत बसलं, मग रंगाचा डबा आणला. याला मी सर्जनशीलता म्हणायला तयार आहे. आणि तुमच्या काकांची वही याच जातीची वाटते. ते चार वर्षं, बहुधा त्याहून जास्त, रुळाशेजारी उभे आहेत.

तरीही क्लेम वेळेतच हवा.

खिडकीशेजारची | गुरुवार, रात्री १०:२०

सगळ्यांना उत्तर देत नाही, पण प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचलाय. @साचेवाला, तुमचा जॉबर नवऱ्यालाही वाचून दाखवला. सोमवारी चिठ्ठ्यांचा प्रयोग करते. व्हाउचरचा विषय टीमपुढे काढणारच नाही.

उनाडपाखरू | गुरुवार, रात्री १०:३१

आम्हाला कळव नक्की. नाहीतर धागे अर्धवट सोडून लोक गायब होतात.

खिडकीशेजारची | तीन आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ६:००

आले परत.

चिठ्ठ्या झाल्या. पहिली पाच मिनिटं सगळे एकमेकांकडे बघत होते, एकाने फोन काढला, मी नजर वळवली. मग लिहायला लागले. नऊ जणांच्या एकतीस चिठ्ठ्या. चॅटबॉट तीनदा. "कॉफी मशीन दुरुस्त करा" चारदा, आणि ती खरंच दुरुस्त करून घेतली. काही अगदीच टाकाऊ. एक चिठ्ठी हिरव्या शाईत. नाव नव्हतं, पण खात्यात हिरवा रिफील एकच माणूस वापरतो.

"आपण पत्रात लिहितो, कागदपत्रे अपूर्ण आहेत. कुठला कागद ते लिहीत नाही. मग माणूस फोन करतो. कुठला कागद, कुणाकडे मागायचा, एवढं लिहावं."

मी तोंडातून "कुणाची?" असं काढलं नाही. चिठ्ठी वाचली आणि म्हटलं, हे करायचं तर कुठलं हॉस्पिटल काय विसरतं त्याची यादी लागेल. बराच वेळ कुणी बोललं नाही. काका उठले, बाहेर गेले. मला वाटलं गेलं सगळं. तर वही घेऊन आले.

आता वाईट बातमी. तक्ता वर पाठवला, आमची चॅटबॉटची कल्पना पुढच्या फेरीत गेली. पत्राची वगळली, 'स्केलेबल नाही' म्हणे. मी भांडले नाही. पत्राचा मजकूर बदलायला वरची परवानगी लागत नाही, तो माझ्याच अधिकारात येतो हे मला त्याच दिवशी नियमावली उघडल्यावर कळलं. इतकी वर्षं माहीत नव्हतं. तेव्हा आजोबा, गोणपाट खांबाच्या आड टांगलंय.

दोन तरुण मुलांनी वहीतली एकशे चौदा हॉस्पिटलं शीटमध्ये चढवली. काकांनी प्रत्येक ओळ तपासली, दोन ठिकाणी "हे आता सुधारले" म्हणून खोडायला लावलं. नव्या पत्रात लिहितो: फार्मसीच्या बिलासोबतचं प्रिस्क्रिप्शन नाही, ते वॉर्डच्या सिस्टरकडे नव्हे तर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये मिळेल. फोन कमी झालेत असं टीम म्हणते. आकडा महिन्याने सांगेन, आत्ता सांगणं घाईचं होईल.

मीटिंगमध्ये काका अजूनही फारसे बोलत नाहीत. शुक्रवारी पत्राचा पहिला छापील नमुना त्यांच्या टेबलावर ठेवला. वाटलं, खूश होतील. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद हातभर लांब धरला.

"अक्षर बारीक आहे," म्हणाले. "हे पत्र बायपास झालेला माणूस वाचणार ना? मोठं कर."

केलं.